'छेद मुळात, अंश घातात' एवढ्यावर भागतं का?

खडूफळा
कालपासून ही पोस्ट फिरतेय: "परिमेय घातांक मुळाच्या रूपात लिहायचाय? छेद मुळात, अंश घातात, म्हणजे क्ष^(२/३) = ∛(क्ष²). पाठ करा, विषय संपला." संपतो कुठला, चुका तिथूनच सुरू होतात. ५क्ष^(१/२) दिलं की मुलं √(५क्ष) लिहून मोकळी. घातांक एकट्या क्ष वर आहे, उत्तर ५√क्ष. पाच आत न्यायचाच हट्ट असेल तर √(२५क्ष) लिहा. ३२^(−३/५) मध्ये उणे दिसलं की थेट −८. अहो, उणे घातांक म्हणजे व्यस्त! ३२ चं पाचवं मूळ २, त्याचा घन ८, उत्तर १/८. आणि ८१^(३/४) ला आधी घन करत बसतात. ५३१४४१ आले, आता काढा चौथं मूळ. आधी मूळ घेतलं असतं तर ३, घन २७, दोन ओळींत काम.

सूत्रधार
पोस्ट माझीच आहे. तुमची तिन्ही उदाहरणं त्याच सूत्राने सुटली, त्याबद्दल आभार. कंस न वाचणं हा सूत्राचा दोष नाही.

उणेदुणे
मग (−८)^(२/६) सोडवा. तुमच्या सूत्राने −८ चा वर्ग ६४, त्याचं सहावं मूळ २. अपूर्णांक आधी संक्षिप्त केला तर १/३, म्हणजे घनमूळ, −२. कुठलं खरं? आधी मूळ घ्यायला गेलात तर −८ चं सहावं मूळ वास्तव संख्यांत नाहीच.

सूत्रधार
पाया धन असतो हे गृहीत आहे. शाळेत ऋण पाया आणतंय कोण?

उणेदुणे
−२७ चं घनमूळ शाळेतच काढतात ना? ते (−२७)^(१/३) असं लिहिलं की लगेच शाळेबाहेर?

कोडगा
यात संगणकाचं कुणीच बोलत नाही. पायथॉन या संगणकभाषेला (−८)**(१/३) विचारा (तिथे ** म्हणजे घात), −२ येत नाही, साधारण १ + १.७३२ गुणिले आय येतं, आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. त्याचाही घन −८ च. तीन घनमुळांपैकी ते मुख्य मूळ देतं. −८ भोवतीचा कंस काढला की मात्र −२, कारण आधी ८ चं घनमूळ आणि मग उणे. एक्सेल उलटं, तिथे उणे आधी लागतं, म्हणून =−२^२ चं उत्तर ४!

खडूफळा
विषय काय, चाललंय काय! इथे मुलं मुळाचा अंक इतका मोठा काढतात की ∛क्ष चं ३√क्ष होतं. त्यावर बोला.

कोडगा
विषयच आहे हा. १/३ दशांशात गेला की छेद विषम होता हे यंत्राला कळत नाही. म्हणून तर पायथॉनच्या ३.११ आवृत्तीत घनमुळाचं वेगळं फलन आलं.

क्षयज्ञ
मुळात हे रूपांतर हवंय कशाला? √२ × ∛२ मुळांत गुणून दाखवा. घातांकात १/२ + १/३ = ५/६, संपलं. मुळाचं रूप शेवटच्या ओळीपुरतं: ३२ चं सहावं मूळ. अधल्यामधल्या प्रत्येक पायरीला मूळ काढायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

खडूफळा
छळ? √(क्ष²) म्हणजे |क्ष|, क्ष चं चिन्ह सोडून मूल्य, हे मूळ लिहिल्याशिवाय कळतच नाही. घातांकवाले २ आणि १/२ गुणून बिनधास्त क्ष लिहितात. क्ष = −५ ठेवून बघा, उत्तर ५ यायला हवं.

क्षयज्ञ
हे मान्य. एवढंच मान्य.

सूत्रधार
बरं बाबांनो, "पाया धन, अपूर्णांक संक्षिप्त" एवढं पोस्टमध्ये घालतो. पायथॉनचं घालणार नाही.

उणेदुणे
पाया धन असेल तर संक्षिप्त करायची सक्ती कशाला? ६४^(२/६) कसंही सोडवा, ४ च येतं. अट एकच ठेवा, पण समजून ठेवा.