मदत हवी आहे: स्पॅनिश ‘हुगार’ क्रियापदात ‘हुए’ कधी येतं?

नमस्कार मंडळी,

डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या बी-१ पातळीची तयारी करतेय आणि ‘हुगार’ (खेळणे) या क्रियापदापाशी गाडी अडली आहे.

वर्तमानकाळ येतो: हुएगो, हुएगास, हुएगा, मग ‘आम्ही’साठी एकदम हुगामोस, आणि ‘ते’साठी परत हुएगान. भूतकाळात सगळीकडे ‘हु’च. मात्र ‘हुगे’ (मी खेळलो) लिहिताना जी आणि ई यांच्यामध्ये यू घालावा लागतो, जो उच्चारात येतच नाही.

खरी पंचाईत सब्जंक्टिव्हची (इच्छा, आशा वगैरे सांगताना वापरायची क्रियापदाची रूपं). ‘किएरो के हुएगेस कोन मि एर्मानो’ (तू माझ्या भावाशी खेळावंस असं मला वाटतं) यात ‘हुए’ही आहे आणि तो मुका यूसुद्धा. पण ‘एस्पेरो के हुगेमोस मान्याना’ (उद्या आपण खेळू अशी आशा आहे) यात मुका यू आहे, ‘हुए’ नाही! वर्गात सांगतात, तक्ता पाठ करा. तक्ता पाठ आहे हो, पण बोलताना तो आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. मला यामागचं कारण समजून घ्यायचंय.

शिवाय, ‘हुगार आल फुतबोल’ बरोबर की नुसतं ‘हुगार फुतबोल’?

प्रतिसाद १

हे दोन स्वतंत्र बदल आहेत, ते एकत्र पाठ केले की गोंधळ होणारच.

‘हुए’ ठरतं आघातावरून, म्हणजे बोलताना शब्दात कुठे जोर पडतो त्यावरून. आघात धातूच्या स्वरावर पडला की ‘हु’चं ‘हुए’ होतं: हुएगो, हुएगान, हुएगेस. हुगामोसमध्ये आघात ‘गा’वर, हुगेमोसमध्ये ‘गे’वर, म्हणून तिथे ‘हु’ तसाच. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘वोस’ वापरतात आणि ‘वोस हुगास’ म्हणतात, आघात शेवटी. तिथेही ‘हुए’ नाही, बघा! जुन्या स्पॅनिशमध्ये हे क्रियापद ‘होगार’ होतं, आणि ओचं ‘उए’ होणं त्या भाषेत नेहमीचंच (कोन्तार, कुएन्तो). पुढे ओचा यू झाला, ‘हुए’ मात्र टिकलं. यूचं ‘उए’ होणारं हे एकच क्रियापद.

मुका यू ठरतो पुढच्या स्वरावरून. स्पॅनिशमध्ये जीनंतर ई किंवा आय आला की ‘ग’ न वाचता घशातला ‘ह’ वाचतात. यू घातला नाही तर ‘हुगे’चं ‘हुहे’ होईल. तुम्ही वर सगळी रूपं देवनागरीत लिहिली आहेत, त्यात ‘ग’ कुठेही बदललेला नाही. उच्चार टिकावा म्हणूनच स्पेलिंग बदलतं. पागार (पैसे देणे) आणि येगार (पोचणे) यांचंही तसंच: पागे, येगे.

म्हणून बोलताना फक्त आघाताकडे लक्ष द्या. यू लिहिताना बघू.

‘आल’बद्दल: स्पेनमध्ये ते हवंच. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘हुगार फुतबोल’ सर्रास चालतं. परीक्षेत ‘आल’ लिहा, दोन्हीकडे समजतं. आणि ‘हुगार्से ला विदा’ हेही लक्षात ठेवा: जीव पणाला लावणे. बातम्यांत फार भेटतं.

धागाकर्ती

किती मनापासून समजावलंत, खूप आभार! ‘वोस हुगास’मुळे एकदम उलगडलं. आता न बघता ‘कोल्गार’ (टांगणे, फोन ठेवणे) चालवून बघते: कुएल्गो, कोल्गामोस, भूतकाळात मी कोल्गे, सब्जंक्टिव्हमध्ये कुएल्गेस, कोल्गेमोस. ‘गे’ असलेल्या तिन्ही रूपांत मुका यू. बरोबर?

प्रतिसाद १

पाचही बरोबर. आता ‘एम्पेसार’ (सुरू करणे) घ्या. तिथे ‘ए’चं ‘इए’ होतं आणि ई आला की झेडच्या जागी सी येतो. ‘आम्ही सुरू करावं’ कसं लिहाल?

धागाकर्ती

‘एम्पेसेमोस’. आघात दुसऱ्या ‘से’वर, म्हणून ‘इए’ नाही. आणि दोन्ही ‘से’ सीने.

प्रतिसाद १

‘इए’ नाही, हे अगदी बरोबर. फक्त सी एकच: ‘एम्पे’नंतरच्या ‘से’चा. शेवटचं ‘मोस’ एसने, आणि तुम्ही जो दुसरा ‘से’ म्हणताय तो मुळात नाहीच. अक्षरं तोडून बघा: एम्-पे-से-मोस. आघात त्या एकुलत्या ‘से’वर.

धागाकर्ती

हो, आलं लक्षात. ‘नेगार’ (नाकारणे) आज रात्री लिहून इथे टाकते, तपासाल का?