मदत हवी आहे : सरकार नको, मग बिटकॉइनचे नियम कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी. राहतो नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्याजवळ, आणि घरात वाद बिटकॉइनवर!

धाकटा भाऊ अराज्यवादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारा, झालाय. ('अराजकवादी' म्हटलं की चिडतो. गांधीजींनीही १९१६ साली काशीत स्वतःला वेगळ्या प्रकारचा अराज्यवादी म्हटलं होतं, हे ऐकवतो.) त्याचं म्हणणं, बिटकॉइनला ना मालक ना रिझर्व्ह बँक, २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा कोडमध्येच. इथवर ठीक. पण २०१७ मध्ये ब्लॉकच्या (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याच्या) आकारावरून भांडण होऊन बिटकॉइन कॅश हे चलन वेगळं निघालंच ना? इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये त्यावरच्या 'द डाओ' या सामायिक निधीतून चोरी झाली, तेव्हा बहुतेकांनी नियम बदलून पैसे परत फिरवले. ज्यांना पटलं नाही ते जुन्याच नियमांवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर राहिले. आमच्या भावकीत याहून वेगळं काय होतं?

तर कोड लिहिणारे, मायनर (संगणक राबवून नवे ब्लॉक जोडणारे) आणि नोड चालवणारे (आपल्या संगणकावर सगळे व्यवहार नियमांनुसार तपासणारे), यांत शेवटचा शब्द कुणाचा? आणि फुटून निघायची मुभा असली की अराज्यवाद्यांच्या लेखी सगळं भागतं का? मराठीत यावर काही वाचायला असेल तर सुचवा. गुंतवणुकीचे सल्ले नकोत, रविवारी जेवताना भावाला गप्प करायचंय.