एम्फिसीमामध्ये दाह हे कारण की परिणाम?

प्रश्न (गुहागर)
माझ्या आईने विडी कधी ओढली नाही. तिचे आयुष्य चुलीपुढे गेले. तरी सीटी स्कॅनमध्ये एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांच्या (वायुकोशांच्या) भिंती तुटण्याचा आजार, निघाला, आणि डॉक्टरांनी फुप्फुसातील दाहाचा (इन्फ्लमेशनचा) उल्लेख केला. प्रयोगात उंदराच्या श्वासनलिकेत विकर (एन्झाइम) सोडले की वायुकोशांच्या भिंती तुटतात, असे वाचले. मग दाह ही हानी करतो, की हानी झाल्यावर येतो?

उत्तर (रत्नागिरी, निवृत्त प्राध्यापक, विकृतिशास्त्र)
दोन्ही घडते. १९६० च्या दशकात उंदरांच्या फुप्फुसात पपेन, म्हणजे पपईच्या चिकातील विकर, सोडून एम्फिसीमा निर्माण करण्यात आला. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी विकरांना आवरणाऱ्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या रक्तातील प्रथिनाच्या उणिवेची नोंद केली होती. त्यामुळे इलॅस्टिन (फुप्फुसाला लवचिकपणा देणारे प्रथिन) तोडणारी विकरे आणि त्यांना आवरणारी प्रथिने यांचा तोल ढळतो, हा विचार रुजला. परंतु बाहेरून सोडलेले विकर फुप्फुसातून लवकर नाहीसे होते, आणि वायुकोश मात्र पुढे कित्येक आठवडे रुंदावत राहतात. हे काम तेथे जमलेल्या दाहपेशींचे असते. मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९७ चा प्रयोग: मॅक्रोफेज या भक्षक दाहपेशींतील एमएमपी-१२ या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना दीर्घकाळ सिगारेटचा धूर देऊनही एम्फिसीमा झाला नाही. शिवाय इलॅस्टिनचे तुटलेले तुकडे रक्तातील मोनोसाइट पेशींना स्वतःकडे ओढतात, त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि ते आणखी इलॅस्टिन तोडतात. उंदरांमध्ये हे तुकडे प्रतिपिंडांनी निष्प्रभ केले, तेव्हा हानी कमी झाली.

उत्तर (दापोली)
सरांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. २००० मध्ये उंदरांतील व्हीईजीएफ या रक्तवाहिन्यांच्या वाढीला लागणाऱ्या प्रथिनाचे ग्राही (पेशीवरील रिसेप्टर) औषधाने रोखले, तेव्हा पेशी मरून वायुकोश रुंदावले, पण दाहपेशींची गर्दी दिसली नाही. म्हणजे दाहाशिवायही या हानीची वाट आहे. धुराच्या प्रयोगांत उंदरांना सुमारे सहा महिने लागतात आणि होणारा आजार सौम्य असतो, त्यामुळे हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

प्रश्नकर्ता
हे सर्व सिगारेटचे झाले; लाकडाच्या धुराचे काय?

उत्तर (रत्नागिरी)
लाकडाचा धूर दीर्घकाळ दिलेल्या गिनीपिगांतही एम्फिसीमा आणि मॅक्रोफेजांची वाढ आढळली आहे. म्हणून आईंना चुलीपासून आणि शेतातील भाजावळीच्या धुरापासून दूर ठेवा. धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला हा आजार झाला असल्याने, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.