१ जूनवाले सगळे ६ जानेवारीला कसे जन्मले? (मजकुराची तारीख करताना अंदाज बांधावा का?)

यादीवाला
एका संस्थेच्या सेवानिवृत्तांची यादी पायथनमध्ये घेत होतो. जन्मतारखेचा रकाना मजकूर म्हणून आलेला. पांडाज या लायब्ररीचं टू_डेटटाइम (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) लावलं. एक ओळ, एरर शून्य, घरी गेलो. दोन आठवड्यांनी फोन: "अहो, तुमच्या यादीत अर्धा गाव ६ जानेवारीला जन्मलाय!"

शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला १ जून लावून दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. पांडाजला नाही. ०१/०६/१९५८ त्याने अमेरिकन पद्धतीने वाचलं, महिना आधी.

माझं मत: फॉरमॅट विचारल्याशिवाय तारीख करून देणारं फंक्शनच नको. दिवस १२ पर्यंतचा असला की दोन्ही वाचनं खपून जातात. अशा १४४ तारखांतून ०१/०१, ०२/०२ वगैरे १२ वजा करा. वर्षातले १३२ दिवस उलटे वाचले तरी कुणी हू की चू करत नाही.

खटपट्या
साफ असहमत. डेफर्स्ट=ट्रू (म्हणजे दिवस आधी वाच) लिहायचं तुम्ही विसरलात आणि खापर लायब्ररीवर. तालुक्यावरून आलेली फाइल बघितलीय का कधी? एकाच रकान्यात "१-६-५८", "०१.०६.१९५८" आणि "१ जून ५८". यातला कुठला एक फॉरमॅट सांगू? अंदाज बांधणारं फंक्शन आहे म्हणून रात्री जेवायला घरी जातो मी.

यादीवाला
डेफर्स्ट ही नुसती विनंती आहे, सक्ती नाही. ०६/१५/१९५८ आलं तर फार तर एक वॉर्निंग देऊन तो महिना आधी धरून मोकळा होतो. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून निदान पहिल्या नोंदीवरून ठरवलेला फॉरमॅट पुढे सगळ्यांना लावतात. त्याआधी एकाच रकान्यात १ जूनवाला जानेवारीत आणि १५ ऑगस्टवाला ऑगस्टमध्येच, असा कारभार होता.

आणि तुमचं "५८"? पायथनच्या स्ट्रपटाइम या तारीख वाचणाऱ्या फंक्शनमध्ये दोन आकडी वर्ष ६८ पर्यंत असलं की २००० नंतरचं धरतात. तुमचे काका २०५८ मध्ये जन्मणार आहेत.

अण्णा_डीबीए
पोरांनो, पायथनवर भांडताय खरं, पण ती फाइल मधे कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का ते आधी विचारा. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर ०१/०६/१९५८ तिथेच ६ जानेवारी होते, आत २११९१ हा आकडा (एक्सेलची दिवसांची मोजणी) बसतो. १५/०८/१९६१ मात्र मजकूरच राहतो. ओळखायची खूण: तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एका रकान्यात दोन्ही दिसले की समजा, घोटाळा पायथनच्या आधीच झालाय.

मार्च१ नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकतं म्हणून २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावच बदललं. मी यादीवाल्याच्या बाजूने.

जर्सीकर
फॉरमॅट बरोबर दिला तरी सुटका नाही. जन्मतारखेला वेळ चिकटवली की संपलं. जावास्क्रिप्टला "१९५८-०६-०१" दिलं की ते यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतं. पुण्यात ते १ जून, पहाटे साडेपाच दिसतं, म्हणून तुमच्या टेस्टरला काही कळत नाही. इकडे न्यू जर्सीत माझ्या स्क्रीनवर ३१ मेची संध्याकाळ. उलट तुम्ही स्थानिक मध्यरात्रीची तारीख बनवून टू-आयएसओ-स्ट्रिंग (यूटीसीतला मजकूर) केलं, की तुमच्याकडेही ३१ मे, १८:३०. जन्मतारीख ही वेळ नव्हे. वर्ष, महिना, दिवस एवढंच ठेवा.

खटपट्या
हे पटलं. पण सक्तीचं नाही पटत. सक्ती केली की वैतागलेला माणूस एरर्स=कोअर्स लावतो, म्हणजे न वाचता आलेली प्रत्येक तारीख रिकामी. चारशे लोकांच्या जन्मतारखा उडवून बसायचं का?

यादीवाला
हो. रिकामा रकाना पाहून कारकून फोन तरी करतो. ६ जानेवारी पाहून कुणी केला? दोन आठवडे लागले.

खटपट्या
कारकून आहे तुमच्याकडे. आमच्याकडे मीच आहे.

अण्णा_डीबीए
जर्सीकरांचा ३१ मे आमच्याकडे कित्येक वर्षं होता. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं, साडेपाच नव्हे. रूपांतर करणाऱ्याने यूटीसीत नेताना टाइमझोनचा इतिहास पाहिला, परत आणताना सरळ साडेपाच तास मिळवले. १९४३ च्या १ जूनवाल्यांची वेळ आली ३१ मे, रात्री ११.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो आणि ३१ मेला जन्मलेलाही ३१ मेलाच. पेन्शनचा हिशेब चोख. मग कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एसेमेस सुरू केले, आणि एका आजोबांनी कळवलं की गुरुजींनी दिलेली तारीख तरी बदलू नका.