'रिडू फ्रॉम स्टार्ट': गंमत की बग?

मेमरीमॅप: कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या एम्युलेटरवर (त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालवतोय. इनपुटला आकड्याऐवजी अक्षर दिलं की '?रिडू फ्रॉम स्टार्ट' (सुरुवातीपासून पुन्हा करा) येतं, पण प्रोग्राम काही पहिल्यापासून सुरू होत नाही. शिवाय कर्सर वर नेऊन संगणकाने स्वतः छापलेल्या 'रेडी.' या ओळीवर रिटर्न दाबलं, तर '?आउट ऑफ डेटा एरर'. डेटा मागितला कोणी?

जुनंबेसिक: तुम्हीच मागितलात. 😄 स्क्रीन एडिटर कर्सरखालची अख्खी ओळ वाचतो. ती कोणी लिहिली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'आर-ई-ए-डी' ही चार अक्षरं दिसली की ती रीड आज्ञा (प्रोग्रामातल्या डेटा ओळीतून किंमत वाचणारी), उरलेला वाय हे व्हेरिएबल. डेटा ओळ नाही, म्हणून एरर. प्रोग्रामात डेटा शिल्लक असेल तर तीच ओळ सिंटॅक्स एरर (आज्ञेच्या रचनेतली चूक) देते, कारण मग शेवटचं टिंब आडवं येतं.

'स्टार्ट' म्हणजे त्या इनपुट आज्ञेची सुरुवात. 'इनपुट ए,बी' ला '५,क्ष' देऊन बघा: पाच बरोबर असूनही दोन्ही किमती पुन्हा द्याव्या लागतात. जास्त दिल्यात तर '?एक्स्ट्रा इग्नोर्ड', कमी दिल्यात तर नुसतं '??'.

खरा त्रास रीडचा. डेटात आकड्याच्या जागी अक्षर असेल तर सिंटॅक्स एरर येते आणि क्रमांक डेटा ओळीचा दिसतो. ती ओळ तर धडधाकट असते! अशा वेळी व्हेरिएबलचा प्रकार आणि किमतींचा क्रम जुळवून बघा.

संदेश तुटक आहेत ते जागेपायी. बेसिकची रॉम (कायमस्वरूपी मेमरी) ८ केबी. एररच्या यादीतल्या प्रत्येक संदेशाच्या शेवटच्या अक्षराचा सातवा (शून्यापासून मोजून, म्हणजे सर्वांत वरचा) बिट चढवून तिथेच शेवट मानलाय, म्हणजे एकेक बाइट वाचली. १९७५ च्या अल्टेअर बेसिकमध्ये तर 'एसएन' (सिंटॅक्स), 'ओडी' (आउट ऑफ डेटा) अशी दोनच अक्षरं यायची.

पाइपलाइन: जुन्या युनिक्सचं 'नॉट अ टाइपरायटर' (हा टाइपरायटर, म्हणजे टर्मिनल नाही) याहून फसवं. आउटपुट टर्मिनलवर जातंय का हे लायब्ररी गुपचूप तपासते. फाइल असेल तर तपासणी फसते आणि एररनोमध्ये (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) याच संदेशाचा कोड ईएनओटीटीवाय बसतो, लिनक्सवर २५. पुढची कॉल यशस्वी झाली म्हणून तो पुसला जात नाही. मग प्रोग्राम भलत्याच कारणाने अडला आणि त्याने एररनो छापला की टाइपरायटर हजर. कॉल फसल्याचं कळताक्षणी एररनो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मध्ये एक प्रिंटएफ आली तरी तो बदलू शकतो.

कंपायलरकट्टा: मुद्दाम केलेली गंमत हवी असेल तर इंटरकॅल ही थट्टेखातर केलेली प्रोग्रामिंगची भाषा, १९७२, प्रिन्स्टन. एकपंचमांशाहून कमी विधानांत 'प्लीज' असेल तर प्रोग्रामर पुरेसा नम्र नाही म्हणून ई०७९ ही एरर. एकतृतीयांशाहून जास्त झालं तर लाळघोटेपणाबद्दल ई०९९. सी-इंटरकॅल हा तिचा कंपायलर अधूनमधून उगाच ई७७४, म्हणजे 'रँडम कंपायलर बग' देतो. तो नको असेल तर 'उणे बी' पर्याय द्या.