‘सावकारी पाश’: न पाहिलेल्या सिनेमाची थोरवी किती दिवस गायची?

खरीकॉर्नर
काल इथंच ‘नीरक्षीर’ यांनी लिहिलं की, कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाला (१९२५) पहिला वास्तववादी चित्रपट म्हणणं ही निव्वळ कोल्हापुरी बढाई आहे. ज्याची फूटभर फिल्मही उरली नाही, तो थोर होता की टुकार, हे कोण सांगणार? वर ‘पेरू चाखला नाही, पण गोड होता म्हणे’ असा टोमणा. तो पेरू कालपासून माझ्या घशात अडकलाय, म्हणून हे लांबलचक.

१९२५ साली पडद्यावर काय चालायचं? देव, दानव, राजे, तलवारी. खुद्द बाबूरावांनी सुरुवात केली ती ‘सैरंध्री’पासून, तेही स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर. त्या पौराणिक गोतावळ्यात हा माणूस नारायण हरी आपट्यांची कथा घेतो, कर्जात बुडालेला कुणबी पोरगा उभा करतो, सावकार जमीन गिळतो आणि तो पोरगा शहरात गिरणीत मजुरी करायला जातो. पोरगा कोण? तेविशी-चोविशीतले शांताराम, पुढचे व्ही. शांताराम! ‘दो बिघा जमीन’ यायला अजून अठ्ठावीस वर्षं होती.

पुरावा हवा? चित्रपट दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांची आठवण घ्या. अंधारलेलं खोपटं, लांबून घेतलेलं दृश्य, आणि त्या काळोखात फक्त एका कुत्र्याचं विव्हळणं. ते आठवलं की आपली तंद्री लागते, असं ते म्हणून गेलेत. पेरू चाखलेला माणूस आहे हा.

नीरक्षीर
मूकपटात कुत्रं विव्हळलं कसं हो?

मिरजमळा
😂😂 संपला धागा.

नीरक्षीर
संपला कसा, आत्ता कुठे सुरू झालाय. ‘सावकारी पाश’ दोनदा झाला. १९२५ चा मुका, १९३६ चा बोलका, दोन्ही बाबूरावांचेच. वाडियांचं ते कुत्रं बोलपटातलं. शिवाय ते स्वतःच सांगतात की मूकपट अंधुकसा आठवतो, बाबूराव किती मोठे हे बोलपट पाहिल्यावर कळलं. म्हणजे साक्षीदार तुमचा, साक्ष माझ्या बाजूची. गेली कित्येक वर्षं जो तो हे कुत्रं १९२५ च्या खोपटाला आणून बांधतोय. मूळ कुणी वाचत नाही, एकमेकांचं उतरवून घेतात.

आणि तो चालला नाही म्हणतात, हे विसरलात? लोकांनी पाठ फिरवली आणि बाबूराव गपचूप पोशाखी चित्रपटांकडे परतले.

खरीकॉर्नर
कुत्रं तुमचं. घेऊन जा, दूध-भाकरी घाला. पण चालला नाही म्हणून वाईट, हा कुठला न्याय? ज्यांच्यावर तो काढला, त्यांच्याकडे तिकिटाला पैसे असते तर सावकाराच्या दारात कशाला गेले असते?

दोन आणे
एक भाबडा प्रश्न. मूकपट चालू असताना पडद्याशेजारी पेटी-तबला असायचाच, शिवाय आवाज काढणारे असायचे. घोड्याच्या टापा, ढगांचा गडगडाट. मग कुत्र्याचा आवाज कुणी काढला नसेल कशावरून?

नीरक्षीर
काढला असेल. मांजराचाही काढला असेल. ‘असेल’वर इतिहास लिहायचा तर मीही सैरंध्रीत काम केलं असेन.

सुप्याची सून
सिनेमाचं चालू द्या, मला त्या नावावरच बोलायचंय. सावकार म्हटलं की पिळदार मिशा, समोर कंदील आणि खतावर अंगठा घेणारा राक्षस. माझे पणजसासरे सावकारी करायचे. ७२ च्या दुष्काळात त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांनी, आख्ख्या वाडीला धान्य उसनं दिलं, त्यातलं निम्मं कधी परत आलं नाही. बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा रात्री-बेरात्री कोण उपयोगी पडायचं? बाळंतपणाला, बैल मेला तर? हे एकाही सिनेमात येत नाही.

भुईमूग
वहिनी, तुम्ही सुप्याच्या आणि हे तुम्ही बोलताय? १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्धच्या दंग्यांचा पहिला भडका उडाला तो तुमच्याच गावच्या बाजारात. लोकांनी कुणाचे मुडदे पाडले नाहीत, फक्त खतं-रोखे मागितले आणि जाळले. लोक काय उगीच कागद जाळतात?

माझं ऐका. आमची साडेतीन एकर मळी आजोबांनी आत्याच्या लग्नापायी गहाण टाकली. तीनशे रुपये. आजोबा दर दिवाळीला जाऊन व्याज भरायचे, पावती कधी मिळाली नाही. शेवटी कागद निघाला तो ‘खरेदीखत’ म्हणून! आजोबांना सहीपुरतं वाचता यायचं. माझ्या बापानं त्याच मळीत सालगडी म्हणून नांगर धरलाय. उपयोगी पडायचे म्हणे.

सुप्याची सून
तुमच्या आजोबांना फसवलं त्याचा हिशेब माझ्या सासरकडे का मागता? खतं जाळली तेव्हाही सरकारचा रोख सारा चालूच होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, पण साऱ्यात सूट कुठे होती? सारा भरायलाच लोक सावकाराकडे जायचे. गोरा साहेब राहिला बाजूला, दिसला तो गावातला वाणी.

भुईमूग
साहेब वाईट म्हणून सावकार चांगला होत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ते काय सारा माफ झाला म्हणून? तुमच्या घरात एक तरी खत बुडवलं का कुणी?

सुप्याची सून
तोंड सांभाळून बोला.

मिरजमळा
अहो पेंटर, पेंटर! इथं बाबूराव पेंटरांवर बोलत होतो आपण.

खरीकॉर्नर
थांबा, बोलू द्या त्यांना. शंभर वर्षांपूर्वीच्या, फूटभरही न उरलेल्या सिनेमाच्या नुसत्या नावावरून दोन घरं भांडतायत. नीरक्षीर, हा टुकार चित्रपट म्हणायचा का?

नीरक्षीर
हा विषय जिवंत असल्याचा पुरावा, चित्रपट चांगला असल्याचा नव्हे. सावकारावर वगनाट्य काढलं असतं तरी हे दोघे असेच भांडले असते. मला दृश्यं कशी रचली होती, नट कसे वावरले, हे पाहायचंय. ते नाही. १९२७ चा ‘मुरलीवाला’ निदान काही आहे, त्यावरून बाबूरावांची नजर जोखा ना! पण तो कुणी बघत नाही, कारण त्यात कृष्ण आहे आणि कृष्णाला ‘वास्तववादी’ म्हणता येत नाही.

निगेटिव्ह
उशिरा आलो. मी फिल्म साठवणुकीच्या कामात होतो, म्हणून एवढंच. हे मूकपट हरवले नाहीत, आपण घालवले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती नीट गारव्यात ठेवली नाही तर आधी चिकट होते, मग मधासारखी वाहते, शेवटी तपकिरी भुकटी. आणि जी धड राहिली ती चांदीसाठी विकली. तेराशेच्या वर मूकपट निघाले या देशात, उरलेले बहुतेक तुकड्यांत. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ साली, तोवर मूकपटांचा जमाना संपून तीस वर्षं झाली होती. त्यातूनही अर्काइव्हच्या पी. के. नायरसाहेबांनी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ जुळवून उभा केला. पुढे २००३ मध्ये पुण्याच्या आगीत नायट्रेटचा साठाच गेला.

एका जुन्या वितरकाच्या गोदामात डबे आहेत असं कळलं म्हणून मी एकदा गेलो होतो. डबे होते. आत मिरच्या भरलेल्या होत्या. त्यांची म्हातारी म्हणाली, डबा चांगला घट्ट बसतो, किडा शिरत नाही.

दोन आणे
मिरच्या 😔

भुईमूग
सावकारानंच ठेवल्या असतील.

सुप्याची सून
😐

खरीकॉर्नर
बरं, एक कबूल करतो, नाइलाजानं. ‘पहिला वास्तववादी’ हे बिरुद मी पुन्हा लावणार नाही. ‘त्या काळी कुणी हात घालत नव्हतं त्या विषयाला हात घातला’, एवढंच म्हणेन. लांबलचक आहे, स्तंभावर कोरायला जमणार नाही.

नीरक्षीर
कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पुरेसा उंच आहे, मावेल. आणि माझंही एक घ्या: ‘बढाई’ हा शब्द मागे. ‘कोल्हापुरी’ ठेवतो.

दोन आणे
माझी आजी १९१३ ची, माहेर कोल्हापूर. ‘सावकारी पाश’ पाहिला होता म्हणायची. मुका की बोलका ते तिला धड सांगता यायचं नाही. मी लहानपणी विचारलं, आजी, काय होतं त्यात? म्हणाली, ‘एक खोपट होतं, दार उघडंच राहिलेलं.’ मग भाकरी उलटत गप्प बसली. कुत्र्याचं काही बोलली नाही.

नीरक्षीर
दार उघडं होतं? हे कुठेच वाचलेलं नाही. अजून काय म्हणायची त्या?

दोन आणे
भाकरी करपतेय म्हणाली.