त्सुशिमात टोयोतामाला आल्यापासून नुसता मार खातोय, नेमकं कुठे गंडतंय?

कातळावरचा_रोनिन (रत्नागिरी)
मंडळी, घोस्ट ऑफ त्सुशिमा (मंगोलांशी लढणाऱ्या सामुरायचा गेम) आत्ता कुठे चालू केलाय, पीसीवर, डायरेक्टर्स कट. इझुहारा, म्हणजे नकाशाचा पहिला भाग, मस्त गेलं, एका बाजूने कापत सुटलो होतो, पण पुढच्या टोयोतामात शिरल्यापासून प्रत्येक कॅम्पात तीच गत, ढालवाल्याशी झुंजत बसलो की बाजूने भालेवाला भोसकतो आणि त्यातूनही उरलो तर तो जाड्या येऊन आपटतो. टेक्निक पॉइंट (नवे डाव शिकायचे गुण) मिळतील तसे वाटेल तिथे टाकलेत. अंगावर ट्रॅव्हलरचा पोशाख, कारण दिसतो भारी. डिफिकल्टी हार्ड आहे आणि कमी करणार नाही, धाकटा भाऊ शेजारी बसून बघतो, जन्मभर ऐकवेल. आधी तलवार वाढवू का आर्मर?

वेंगुर्ल्याचो_झिल
अरे मेल्या, ट्रॅव्हलरचो पोशाख घालून लढाक जातंस? तो फिराक आसा, लढाक नाय! सामुराय क्लॅनचो आर्मर घाल, मार कमी लागता.

वाशिष्ठी_काठचा (चिपळूण)
आर्मर बदलच, पण खरा लोचा स्टान्सचा, म्हणजे तलवार धरून लढायच्या पवित्र्याचा वाटतोय. तू सगळ्यांना स्टोननेच हाणतोयस ना? स्टोन फक्त तलवारवाल्यांसाठी. ढालीला वॉटर, भाल्याला विंड, जाड्याला मून. मंगोल लीडर मारून, नाहीतर लपून त्यांचा सराव निरखून हे स्टान्स उघडतात, त्यामुळे लीडर दिसला की लगेच अंगावर जाऊ नकोस, आधी गवतात बसून बघ. टेक्निक पॉइंट पण आधी स्टान्सांवरच घाल.

आता मारायचं कसं, तर आधी हेवी (जोराचा वार) हाणत राहायचं, बरोबर स्टान्स असेल तर समोरच्याचा गार्ड पटकन तुटतो, तो झोकांडला की लाइट अटॅकने उरकायचा. वॉटरचा हेवी धरून ठेवलास तर एकामागोमाग एक वार बसतात, ढालवाला उभाच राहत नाही. आणि चमक बघायला शीक. निळी चमकली तर नुसतं ब्लॉक धरून भागत नाही, नेमक्या वेळी दाबून पॅरी कर (म्हणजे वार परतव), लाल चमकली तर पॅरी बिरी विसर आणि बाजूला हो. पिवळे गोळे म्हणजे रिझॉल्व्ह, त्यातूनच जखम भरते आणि त्यातूनच स्पेशल वार होतात, उगाच शायनिंग मारत उडवलेस तर मरायच्या वेळी हातात काही नसतं.

कातळावरचा_रोनिन
हो, सगळीकडे स्टोनच 😅 पण घोळक्यात कोण येतोय ते बघून स्टान्स बदलेपर्यंत दोन वार बसतात त्याचं काय?

हर्णैचा_पाऊस
म्हणून कुनाई, म्हणजे फेकायचे छोटे सुरे. मारामारी पेटली की पहिल्याच झटक्यात फेक, समोरचे झोकांडतात, तेवढ्यात स्टान्स बदल. अगदीच घेरलं तर स्मोक बॉम्ब. काही शुद्ध सामुरायवाले नाक मुरडतील, मुरडू देत, आख्खी गोष्टच आपला हीरो जिन लपूनछपून लढणारा घोस्ट कसा होतो याची आहे. फक्त ड्युएलमध्ये (एकास एक झुंजीत) यातलं काहीच चालत नाही, तिथे पॅरी आलीच पाहिजे, म्हणून सवय आत्ताच लाव. पॅरी सोपी करणारा मिझु-नो-कामीचा चार्म (ताईत) आहे, शिंतो श्राइन (डोंगरावरचं देऊळ) चढून मिळतो. चार्मच्या जागा वाढवायच्या तर कोल्हा दिसला की त्याच्या मागे पळ, तो इनारी श्राइनपाशी नेतो.

बाकी बांबू कापलेस की रिझॉल्व्ह वाढतो आणि गरम पाण्याच्या कुंडात बसलास की हेल्थ. आपल्या तुरळ-राजवाडीसारखी कुंडं आहेत, फक्त तिथे गर्दी नाही.

वाशिष्ठी_काठचा (चिपळूण)
तलवार का आर्मर ते राहिलंच. तलवारीला लोखंड, पोलाद आणि पुढे सोनं लागतं, आर्मरला कापड-चामडं, पुढे रेशीम, म्हणजे दोन्हीचा बराचसा माल वेगळा. सप्लाय (गेममधला पैसा) दोन्हीकडे जातात, ते आधी तलवारीवर घाल, गडी लवकर पडला की मार आपोआप कमी. गोसाकूचा आर्मर मिळाला तर बघ, त्याने झोकांडणं वाढतं, पण त्याच्या सहा चाव्या सहा ठाणी सोडवून गोळा करायच्या, तेवढ्यासाठी अडून बसू नकोस.

वेंगुर्ल्याचो_झिल
आणि भारी दिसूचा आसात तर फुला जमव रे. डायवाल्याक दिलंस की सामुराय आर्मर होयो त्या रंगाचो करून देता. तुझो भाव पण बघीत रवतलो.